जुना वाडा, शाळा, वाचनालय वाचवायचंय? मग आधी छपरावर चढा

गावातल्या जुन्या इमारतीची आठवण लोकांना होते ती दारात जेसीबी उभा राहिल्यावर. मग रातोरात व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, दोनशे जण जोडले जातात, कुणीतरी आजोबांच्या मुंजीतला काळा-पांढरा फोटो टाकतं, निवेदनाचा मसुदा फिरतो. आठवड्याभरात जागा सपाट झालेली असते आणि ग्रुपवर सुप्रभातचे संदेश सुरू होतात.

गेल्या काही वर्षांत अशा तीन कामांत मी हात घातला. वाचनालयाची इमारत वाचली, वाडा अर्धा वाचला, शाळा गेली. तिन्हींतून एकच शिकलो: इमारत वयाने मरत नाही, ती मरते गळतीने आणि कुलपाने. त्यामुळे वाचवायचा क्रम असा: आधी पाणी, मग कागद, मग वापर आणि त्यानंतर दुरुस्ती. आपल्याकडे सुरुवात होते ती निधी मागण्यापासून किंवा रंग देण्यापासून. समितीचा अध्यक्ष कोण, यावरून तर पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात.

पावसात आत जाऊन उभे राहा

मे महिन्यात कोणताही वाडा धडधाकट दिसतो. खरी तपासणी जुलैत होते. जोराची सर लागली की टॉर्च, खडू आणि जुना टॉवेल घेऊन आत जा. भिंतीवर जिथे ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आमच्या वाचनालयात संदर्भग्रंथांच्या कपाटामागे ओल यायची. दोन वर्षं सगळे त्याच भिंतीला दोष देत होते. माळ्यावर चढून पाहिलं तर फुटलेलं कौल तिथून दहा-बारा फूट वर, आढ्याजवळ होतं. पाणी वाशावरून ओघळत खाली यायचं आणि जिथे वासा भिंतीत शिरतो तिथे मुरायचं. वाशाचं ते टोक हाताने दाबलं तर भिजलेल्या पावासारखं दबलं. एका कौलाची किंमत, आणि त्यापायी सागवानी वाशाचं टोक गेलं.

म्हणून पहिलं काम परवानगीचं नाही, कौलं फेरण्याचं. फुटकी कौलं बदला, आढ्यावरच्या कोन्यांच्या फटी बुजवा, पन्हळीतला पाला काढा, वळचणीचं पाणी जोत्यावर न पडता लांब जाईल अशी सोय करा. कौलं लगेच फेरता येत नसतील तर ताडपत्री टाका, पण ती भिंतीवर खिळे ठोकून नव्हे. वाळूच्या पोत्यांनी दाबून. माळवद (मातीचं सपाट छप्पर) असेल तर त्यावर कुणी वर्षानुवर्षं मातीचे थर चढवलेत का ते पाहा. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी माती टाकत जातात आणि शेवटी तुळया त्या ओझ्यानेच वाकतात.

भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका. मुळं दगडांच्या सांध्यांत पसरलेली असतात, ओढलं की त्यांच्याबरोबर दगडही येतात. खोड कापायचं, मूळ पुन्हा फुटू द्यायचं नाही, आणि जिथे मूळ जाड आहे तिथले दगड नंबर टाकून उतरवून, मूळ काढून, परत बसवायचे. हे गवंड्याचं काम आहे, श्रमदानाचं नाही. श्रमदानाला राडारोडा आहे, तो उचला.

आणखी एक, ज्याला खर्च जवळजवळ शून्य: रोज दारं-खिडक्या उघडा. बंद वाड्यात दमट हवा कोंडते आणि वाळवीला तेच हवं असतं.

इमारत नक्की कुणाची

इथे बहुतेक मोहिमा अडतात, आणि हा भाग कंटाळवाणा असल्यामुळे कुणाला करायचा नसतो. शहरात नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. काही ठिकाणी तिला आखीव पत्रिका म्हणतात. गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहा. जमीन शेतीची असेल तर सातबारा आणि जुने फेरफार. संस्थेची इमारत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट १चा (न्यासाच्या नोंदणीचा) उतारा घ्या. विश्वस्त म्हणून ज्यांची नावं त्यावर आहेत त्यांतले किती हयात आहेत ते मोजा. आमच्या वाचनालयाच्या उताऱ्यावरचे तीन विश्वस्त स्वर्गवासी होते. विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा बदल अर्ज वर्षानुवर्षं कुणी दाखलच केला नव्हता, आणि तोवर कुणाच्याही सहीला किंमत नव्हती. सरकारी इमारत असेल तर महसूल, बांधकाम खातं, जिल्हा परिषद, नगरपालिका यांपैकी नेमकं कोण हे लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच अर्जात जुन्या नोटिसा, तपासणी अहवाल आणि ठरावांच्या प्रतीही मागून घ्या.

जिल्हा परिषदेची जुनी शाळा असेल तर एक शब्द लक्षात ठेवा: निर्लेखन. इमारत वापरातून बाद करून पाडण्याच्या मंजुरीला कागदोपत्री हे नाव आहे. निर्लेखनाचा प्रस्ताव एकदा मंजूर झाला की दगड, सागवान आणि कौलं भंगार म्हणून लिलावात निघतात. आमची शाळा अशीच गेली. आम्ही शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन देत बसलो होतो आणि ठराव त्याआधी पाच महिने होऊन गेला होता. ग्रामसभेच्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना कुणीतरी आपलं माणूस बसत असतं तर वेळेत कळलं असतं.

खासगी वाड्याची गोष्ट वेगळी. तिथे मालक म्हणजे सात वारसदार: तीन पुण्यात, दोन अमेरिकेत, एक बोलतच नाही, एक सगळ्यांशी भांडलेला. त्यांना ‘वारसा जपा’ असं सांगायला जाऊ नका. वाड्याची घरपट्टी ते भरतात, भाडं मात्र भाडेकरू जुन्या दराने देतो. राग रास्त आहे. आमच्या वाड्याच्या थोरल्या काकूंकडे मी चार वेळा गेलो. तीनदा चहा झाला, विषय निघालाच नाही. चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, “विकू नका असं मी म्हणत नाही रे. पण नवरात्रात घट कुठे बसवायचे? तेवढं सांग.” माजघराशेजारचं देवघर कुटुंबाकडेच राहील आणि नवरात्राचे दहा दिवस पुढचा चौक त्यांना मिळेल, असं लिहून दिल्यावर पाच सह्या एका दिवसात झाल्या. अमेरिकेतल्यांसाठी कुलमुखत्यारपत्र लागलं. उरलेल्या दोघांनी आपला हिस्सा विकला आणि वाड्याची ती बाजू पडली. म्हणून तो अर्धा वाचला म्हणतो.

भाडेकरूला शत्रू समजू नका. तो राहतोय म्हणून छप्पर टिकलंय, असं अनेकदा असतं. महानगरपालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याला बाहेर ठेवून केलेली योजना कोर्टात जाते आणि कोर्टाच्या तारखांच्या काळात कौलं कुणी फेरत नाही. पुण्याच्या भिडे वाड्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८मध्ये मुलींची शाळा काढली ती जागा. मालक, भाडेकरू आणि महापालिका यांचा वाद वर्षानुवर्षं चालला, निकाल २०२३मध्ये लागला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्मारकासाठी मोडकळीला आलेला वाडा पाडावा लागला. जागा मिळाली, वाडा नाही.

‘धोकादायक’ची नोटीस

पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. तिच्यात सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असे वर्ग असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं आत असतानाच होण्यासारखी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सगळी लढाई सी-१ आणि सी-२ए यांच्या मधल्या रेषेवर होते. बिल्डरला काय हवं असतं ते सांगायला नको.

नोटीस आली की त्याच दिवशी तारीख टाकून पोच घ्या आणि मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या: दुसरी तपासणी करून घेत आहोत, तोवर टेकू देत आहोत, धोक्याचा भाग दोरी लावून बंद केला आहे. ‘ही ऐतिहासिक वास्तू आहे’ एवढंच उत्तर देऊ नका. उद्या भिंत कोसळून शाळकरी पोर दगावलं तर सही करणारा अभियंता अडकतो, त्याची भीती खरी आहे. त्याला कागदावर आधार द्या, तो तुमच्या बाजूने विचार करू लागतो.

दुसरी तपासणी कुणाकडून करून घेताय हे पाहा. सिमेंट काँक्रीटच्या इमारती तपासणारे अभियंते वाड्यात येतात, रिबाउंड हॅमर काढतात आणि मातीच्या भेंड्यांच्या (कच्च्या विटांच्या) भिंतीवर मारतात. ते यंत्र काँक्रीटचा कडकपणा मोजायला आहे. मातीच्या भिंतीवर त्याचं उत्तर नापासच येणार. वाड्याचं वजन भिंतीवर नसतंच पुष्कळदा. ते लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर असतं, भिंत फक्त मधली जागा भरते. ती फुगली म्हणजे वाडा पडायला आला असं नव्हे. संवर्धनाचं काम केलेला वास्तुविशारद आणि लाकूड-दगड कळणारा अभियंता, दोघांनी मिळून अहवाल द्यायला हवा. इंटॅक ही १९८४मध्ये स्थापन झालेली, वारसा जतनाचं काम करणारी संस्था आहे, तिच्या शाखा राज्यात ठिकठिकाणी आहेत. अशी माणसं शोधायला पहिला फोन तिथे करा.

यादीत नाव आहे का

केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं वेगळी, राज्याची वेगळी आणि शहराच्या वारसा यादीतल्या इमारती वेगळ्या. लोक या तिन्हींची खिचडी करतात. केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तुमचा वाडा त्यात येत असेल तर साध्या दुरुस्तीलाही परवानगी लागते, पण दुरुस्तीला बंदी नाही. राज्य संरक्षित स्मारकांसाठी ‘महाराष्ट्र वैभव’ ही संगोपन योजना आहे: मालकी शासनाची, देखभाल दत्तक घेणाऱ्याची.

आपल्या कामाच्या बहुतेक इमारती या दोन्हींत नसतात. त्यांच्यासाठी वारसा यादी. मुंबईने १९९५मध्ये विकास नियमावलीत वारसा नियम आणले. आता राज्याच्या बहुतेक शहरांसाठी २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही त्याची तरतूद आहे. श्रेणी तीन: एक, दोन (तिच्यात अ आणि ब) आणि तीन. पहिल्या श्रेणीत हात लावायला जवळपास मनाई, दुसरीत आतले बदल आणि नवा वापर तपासून मान्य होतो, तिसरीत बरीच मोकळीक. मालकांना भीती असते की यादीत नाव गेलं की घर सरकारचं झालं. तसं होत नाही. मालकी त्यांचीच राहते. बांधकामाचा हक्क वापरता येत नसेल तर त्याबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मागण्याचीही तरतूद आहे. ही गोष्ट बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत सांगा, नाहीतर पुढचं कुणी ऐकत नाही.

तुमच्या पालिकेची यादीच नसेल तर ती करायचा ठराव नगरसेवकाकडून मांडून घ्या. यादी जाहीर झाल्यावर हरकती-सूचना मागवतात. हरकत घेणारे येतातच. सूचना देणारेही यावेत म्हणून पन्नास जणांनी वेगवेगळ्या शब्दांत पत्रं द्या. एकाच मजकुराच्या पन्नास झेरॉक्स एकच पत्र म्हणून मोजल्या जातात.

मोजून ठेवा

जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाला पत्र द्या. मुलांना मोजमापाचा अभ्यास करायचाच असतो. दोन शनिवार-रविवारांत नकाशे, छेद, दारा-खिडक्यांचे तपशील तयार होतात. त्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावाने करावी, झुणका-भाकरीही चालते. प्रत्येक खणाचा (दोन खांबांमधल्या गाळ्याचा), प्रत्येक खांबाचा फोटो नंबर देऊन काढा. जिल्हा गॅझेटिअर, संस्थेची जुनी इतिवृत्तं, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, घरोघरची लग्नाची छायाचित्रं हे सगळं जमवा. लग्नाच्या फोटोत मागे पडलेली महिरप आज शाबूत नसेल तर दुरुस्तीच्या वेळी तोच पुरावा असतो.

आत काय चालणार

मोहिमेतल्या लोकांना विचारा, वाचवल्यावर इथे काय करणार? दहापैकी आठ जण म्हणतात, ‘संग्रहालय’. मला या उत्तराची धास्ती वाटते. संग्रहालयाला रोज उघडणारा माणूस, राखणदार, विमा, वीजबिल आणि पुन्हा पुन्हा येणारे लोक लागतात. गावात चार तलवारी आणि दोन पगड्यांचं दालन उद्घाटनानंतर तिसऱ्या महिन्यात बंद होतं, किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नसतं. कुलूप पुन्हा लागलंच.

इमारतीला काय झेपेल ते आधी पाहा. चौकाभोवतीच्या सलग ओसऱ्या अभ्यासिकेला, शिवण-भरतकामाच्या वर्गाला, आठवड्याच्या बाजाराला छान. वरच्या मजल्याच्या कडीपाटाच्या तक्तपोशीवर (लाकडी तुळया-फळ्यांच्या जमिनीवर) नृत्यवर्ग घेऊ नका. पंचवीस मुली एकदम ताल धरतात तेव्हा येणारा भार तुळयांच्या हिशेबात नसतो. पुस्तकं फार जड असतात. कपाटं तळमजल्यावर ठेवा, वर ठेवायचीच असली तर भिंतीलगत, तुळईच्या मध्यावर कधीच नाही. स्वच्छतागृह जुन्या भिंतीला चिकटून बांधू नका, परसात वेगळं बांधा. नळाची गळती मातीची भिंत पोखरते. आणि वायरिंग: लाकडी घरात कापडी वेष्टनाची जुनी तार उरली असेल तर दुसरं सगळं थांबवून ती बदला.

चांगली उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवावीत. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकामाचे कारागीर बसून काम करतात. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मरू घातलेली कला त्याच दरबारात पुन्हा उभी केली. वापर बाहेरून आणला नाही, गावातलाच होता. पणजीत गोवा मेडिकल कॉलेजची जुनी इमारत २००४पासून इफ्फीच्या (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या) कामाला लागली. मांडवीकाठचा रेइश मागूशचा किल्ला १९९३पर्यंत तुरुंग होता. दुरुस्तीनंतर २०१२मध्ये तो लोकांसाठी उघडला आणि तिथे मारिओ मिरांडांची चित्रं लागली. मुंबईत ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींत लोक आजही राहतात, खाली दुकानं आहेत, वर कपडे वाळतात. समोरच्या व्हिक्टोरियन इमारतींसकट अशा ९४ वास्तूंचा समूह २०१८मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, आणि त्यामागे रहिवाशांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं घेतलेला पिच्छा होता.

दुरुस्ती पुरी व्हायची वाट पाहू नका. जो खण सुरक्षित आहे तो आजच वापरात आणा. आम्ही वाचनालयाच्या पुढच्या पडवीत, टेकू दिलेल्या भागापासून पंधरा फुटांवर, संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना बसू दिलं. दोन ट्यूबलाइट, सहा बाकं. बाकीचं छप्पर तेव्हा ताडपत्रीखाली होतं. महिन्याभरात मुलांचे पालक विचारू लागले, काम कुठवर आलं? तोवर हा प्रश्न फक्त मी विचारत होतो.

करार

मालक एक, पैसे देणारा दुसरा, काम जाणणारा तिसरा, असं असेल तर तिघांचा एकच करार करा. मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय हे याचं नमुनेदार उदाहरण. १८७२मध्ये लोकांसाठी उघडलेली राणीच्या बागेतली ही वास्तू फार वाईट स्थितीत होती. २००३मध्ये महापालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि इंटॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. २००५मध्ये कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, २००८मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. कोण काय देणार आणि नंतर कोण चालवणार हे आधी लिहिलेलं होतं, म्हणून ते आजही चालतंय.

इमारत भाड्याने घेत असाल तर पुरेशी वर्षं मागा. अकरा महिन्यांच्या करारावर कुणीही छपराला पैसे देत नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. मालक सार्वजनिक न्यास असेल तर इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने देण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी हवी. ती न घेता केलेला करार पुढचे विश्वस्त एका पत्राने मोडू शकतात.

पैसा

नोंदणीकृत संस्था नसताना वर्गणी गोळा करू नका. कुणाच्या तरी खासगी खात्यात पैसे आले की सहा महिन्यांत संशय येतोच, माणूस कितीही सरळ असला तरी. सात सभासद जमले की संस्था नोंदवता येते. ते नको असेल तर गावातल्या चालत्या संस्थेच्या छत्राखाली वेगळं खातं काढा. देणगीवर आयकर सवलत मिळवून द्यायची तर त्याची नोंदणी वेगळी.

मोठ्या कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीसाठी सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे असतात, आणि ऐतिहासिक इमारतींची दुरुस्ती कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेली आहे. पण कंपनीला छायाचित्रात दिसणारं काम हवं असतं. पन्हळ दिसत नाही. तेव्हा दर्शनी भाग त्यांना द्या, छप्पर आणि पाया गावाच्या पैशातून करा. सार्वजनिक ग्रंथालय असेल तर राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या इमारतीसाठीच्या योजना जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारा. आमदार निधीतून पेव्हर ब्लॉक आणि सभामंडप चटकन मिळतो, चुन्याचा गिलावा मिळवायला जीव जातो. नेहमीच्या सरकारी दरसूचीत ते काम नीट बसत नाही, वेगळं दर-पृथक्करण करून, म्हणजे त्या कामाचा दर स्वतंत्र काढून, घ्यावा लागतो. ते केलं नाही तर सर्वांत कमी निविदेवाला सिमेंट घेऊन येतो.

चुना, लाकूड आणि सिमेंटचा मोह

आमच्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीला माझ्या आधीच्या समितीने सिमेंटचा गिलावा केला होता. दोन पावसाळ्यांनी तो पापडासारखा सुटला, आणि मागे हात घातला तर विटांचा भुगा हातात आला. जुनी भिंत जमिनीतली ओल ओढते आणि चुन्यातून बाहेर टाकते. सिमेंटने तिचं तोंड दाबलं की पाणी आतच राहतं, क्षार विटेतच साचतात आणि वीट फुटते. भिंत ओली दिसते म्हणून लोक सिमेंट लावतात, आणि सिमेंट लावलं म्हणून ती आणखी ओली होते. प्लास्टिक रंगाचंही तेच.

कळीचा (भाजलेला, न विरलेला) चुना आणा, हौदात आधी पाणी आणि मग चुना टाका. उलट केलंत तर उसळून अंगावर येतो. डोळ्याला चष्मा, हातात मोजे, पोरं लांब. विरल्यावर पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे मुरू द्या, गाळा, मग वाळू आणि सुरखी (विटांची पूड). एक भाग चुना, एक सुरखी, दोन वाळू हे प्रमाण आमच्याकडे चाललं, पण आधी हातभर तुकड्यावर लावून पाहा. चुना मळायची घाणी नसेल तर मिश्रण यंत्रात फिरवा. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद यांच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ भेटतात; वाळू धुऊन चाळून घेणारे कमी भेटतात. ती धुवा. गिलावा पातळ थरांत द्या, गोणपाट बांधून ओला ठेवा, भर उन्हात किंवा पावसात काम काढू नका. कोकणात जांभ्याच्या भिंती असतील तर चिऱ्याच्या उघड्या चेहऱ्यावर पॉलिश मारू नका, तेही तोंड दाबणंच आहे.

लाकडी खांब बहुधा खालच्या दीड-दोन फुटांतच कुजलेला असतो, तळखड्याला (खालच्या दगडाला) टेकतो तिथे. सबंध खांब बदलायची गरज नसते. वरचं वजन जॅकवर घ्यायचं, कुजका तुकडा कापायचा, जुन्याच सागवानाचा जोड खाच पाडून बसवायचा. हे जुने सुतार जाणतात. शोधावे लागतात, पण आहेत. आमच्या सुतारकाकांनी जोड बसवल्यावर मला बोलावून सांगितलं, “सांधा लपवू नका. पुढच्याला कळलं पाहिजे कुठून नवं आहे ते.” मी त्यावर रंग द्यायला निघालो होतो.

पाडकामातलं जुनं साहित्य घेताना पावती मागा. दुसऱ्या गावचा वाडा मोडून आलेली कोरीव महिरप आपल्या वाड्याला लावू नका. ती सुंदर असते, पण खोटी असते.

दरवर्षीचं काम

ठेकेदार गेल्यावर वहीची कामं सुरू होतात. एक जाड वही, दाराशीच, दोरीला बांधलेली. कुणी केव्हा किल्ली नेली, कुठे ओल दिसली, कोणतं कौल बदललं. मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, छपरावर माणूस चढवायचा. जुलैत आतून पाहायचं. दिवाळीआधी वाळवीची तपासणी. त्याच मापाची शे-दोनशे कौलं माळ्यावर रचून ठेवायची, कारण त्या साच्याची कौलं पुढे मिळतीलच असं नाही.

आमच्या वहीत परवा नोंद होती: ‘पडवी, तिसरा वासा, थेंब. कौल सरकवलं. माकडं.’ खाली अभ्यासिकेतल्या एका मुलाची सही.